आडव्या पट्ट्यांची दुलई

माझे धाकटे दीर नारायणभावजी आश्विनातल्या एका दुपारी अमरावतीहून आले, तेव्हा मी ओसरीवर गहू निवडत बसले होते. बडनेऱ्याला आगगाडीत बसून अकोल्यात उतरलेला माणूस धुराच्या वासावरून ओळखू येतो. तो वास आधी आला, मागून भावजी आले. काखेत सुती दोरीने बांधलेले एक गाठोडे होते. त्यांनी पाणी मागितले, तांब्या रिकामा केला आणि तोंड पुसता पुसता सांगितले, "सगुणाआत्या गेली, वैनी. तेरावा आटपूनच निंगलो." तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी न्याहारीच्या वेळी गेली, फार त्रास झाला नाही. मी गव्हातला खडा बाजूला काढला, मग दुसरा काढला. बातमी कानात शिरते आणि हात मात्र आपले काम चालूच ठेवतात, हे मला त्या दिवशी कळले... जाताना भावजींनी गाठोडे माझ्यापुढे सरकवले. "हे तुमालेच द्या म्हणे. अन् सांगजो म्हणे, या खेपेले उलगडून पाह्य."

भावजींना त्या निरोपात काही वावगे वाटले नाही. म्हातारी माणसे असे काहीबाही सांगतातच. मला मात्र 'या खेपेले' हे शब्द नीट समजले, कारण त्यांच्यामागची गोष्ट या जगात दोनच माणसांना ठाऊक होती आणि त्यांतले एक आता उरलेले नाही. म्हणून मी लिहिते आहे.

सगुणाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. आमचे घर शिंप्याचे. लग्नानंतर दोन वर्षांतच आत्याचे कपाळ पांढरे झाले आणि ती भावाच्या घरी परत आली, ती कायमची. मी लग्न होऊन अमरावतीला गेले, तेव्हा परकोटाच्या आतल्या त्या घराच्या ओसरीवर दोन बैठका होत्या. डावीकडची मामंजींची, अंगरख्या-बंड्यांची. उजवीकडची आत्याची, वाकळांची आणि दुलयांची. रस्त्याने जाणाऱ्याला आधी उजवीकडची दिसे, कारण तिथे रंग होते. तिच्याकडचे बहुतेक काम पट्टेरी कापडाचे. कोष्टी विणीत ते जाड, जरासे खरखरीत, नव्या ताग्याला खळीचा आंबूस वास येणारे कापड. पांढऱ्या अंगावर लाल पट्टा, हिरव्यावर काळा, हळदीच्या रंगावर जांभळा. गावात तिचे नाव होते ते एका गोष्टीसाठी. कापडाचे दोन तुकडे ती अशी जोडी की पट्टा पट्ट्यात उतरून जाई आणि जोड कुठे आहे ते शोधावे लागे. टाके पट्ट्याच्या कडेकडेने, तांदळाच्या कण्यांएवढे, डोक्याकडून पायाकडे. पट्टा डोक्याकडून पायाकडेच गेला पाहिजे, हा तिचा दंडक. शरीर ज्या दिशेने पसरते त्या दिशेने रेघ गेली म्हणजे निजलेल्या माणसाला लांब, निवांत वाटते, असे ती म्हणे.

माझे वडील अकोल्याला मोर्णेकाठच्या देवळात पोथी वाचीत. त्यांच्या मांडीला मांडी लावून मी अक्षरे शिकले आणि ओव्या-आर्या तोंडपाठ केल्या. सासरी त्याचा काही उपयोग होईल असे कुणालाच वाटले नव्हते. आत्याने तो पहिल्याच महिन्यात करून घेतला. सुईत एकदा दोरा भरला की तो संपेपर्यंत माझ्या सात ओव्या होत. पाचव्या ओवीलाच दोरा संपला तर ती म्हणे, "टाके लांब पडून राह्यले तुहे. ओवी आखूड कर नाही तं टाका आखूड कर." मी पहिल्यांदा दुपटे कापले ते घाईत, आडवे. तिने ते रागावून फेकले नाही, शिवायला लावले आणि त्या रात्री मलाच पांघरायला दिले. सकाळी विचारले, "कसं वाटलं? बैलगाडीच्या फळ्यांखाली निजल्यावानी?" खरे सांगायचे तर मला काहीच वाटले नव्हते, गाढ झोप लागली होती. पण मी "हो जी" म्हटले. थोरल्यांना सोयीचे उत्तर चटकन देण्याची ही सवय मला तेव्हापासूनची.

तिचे डोळे गेले आहेत हे मला कळायला वर्ष लागले. घरात कुणालाच कळले नव्हते, कारण ती उंबरठ्याला अडखळत नसे, माणूस आल्याचे ओळखत असे, ताटात भाजी कुठे आहे हे चाचपत नसे. एका दुपारी तिने मला फडताळातून दोन तुकडे काढून मागितले. मी एक हिरव्या पट्ट्याचा आणि एक काळ्या पट्ट्याचा असे दोन तुकडे तिच्या मांडीवर ठेवले. तिने त्यांवरून अंगठा फिरवला, पट्ट्याला पट्टा लावला आणि समाधानाने म्हणाली, "एकाच ताग्याचे हायेत, बरं झालं." मी काही बोलले नाही. त्या न बोलण्याने तिला सगळे सांगितले. अंगठा थांबला. ओसरीवर ऊन होते, समोर रस्त्यावर कुणी भाजीवाली ओरडत होती...

मी हळूच विचारले, "कधीपासून, आत्याबाई?"

"तुह्या लग्नाच्या आंधीपासून. माणूस दिसते, भित दिसते. रेघ दिसत नाही. रंग तं सपाच गेला."

मग ती काम कशी करते, हे तिने मला दाखवले. माझे बोट धरून तिने त्या कापडावरून आडवे ओढले. कोष्टी पट्ट्यासाठी दुहेरी सूत घालीत, त्यामुळे पट्टा कापडाच्या अंगाहून किंचित उंच असे. डोळ्यांना ते कधीच जाणवले नव्हते. बोटाला मात्र सपाट रान, मग बांध, मग पुन्हा रान, असे लागत गेले. ती त्या बांधाच्या कडेने सुई चालवीत होती. तिच्या टाक्यांच्या सरळपणाचे सारे गाव कौतुक करीत होते आणि तो सरळपणा तिने दोन-अडीच वर्षांत एकदाही पाहिलेला नव्हता.

"मामंजीले नोको सांगू," ती म्हणाली. "आज मी या घरात बसतो ते माह्या बैठकीवर बसतो. उद्या बैठक उठली का मी नुसती जेवणारी होतो."

एवढे एकच वाक्य ती आपल्या स्वतःच्या जिण्याविषयी बोलली. पुढे कधी तो विषय तिने काढला नाही. मी तिचे रंग झाले. गिऱ्हाईक समोर बसलेले असले की मी गहू पाखडता पाखडता गुणगुणत असे आणि त्या ओवीत कुंकू आले की लाल, काजळ आले की काळा, हळद आली की पिवळा, राघू आला की हिरवा. 'कुंकू लेती लेक, काजळ घाली आई' असे म्हटले की, आधीचा रंग उजवीकडचा या आमच्या ठरावाने, ती उजव्या हाताचा लाल तुकडा आधी उचली आणि डाव्या हाताचा काळा मागून. ओव्या मी जागच्या जागी रचीत असे आणि त्या बऱ्याचदा बेढब होत. एका शेजारणीने तर सांगितले की तुमच्या सुनेला गळा आहे, पण गाण्याला काही अर्थ नाही. आत्या दोन दिवस आठवून आठवून हसत होती.

मग कापसाचे दिवस आले. दूर अमेरिकेत लढाई जुंपली आहे म्हणून आपला कापूस विलायतेला हवा आहे, एवढे आम्हा बायकांच्या कानावर होते. डोळ्यांसमोर होत्या त्या गाड्या. बाजाराकडे जाणारी रांग सकाळी सुरू होई ती दिवे लागेपर्यंत. हवेत तंतू तरंगत, भाकरीवर बसत, ओल्या केसांत अडकत. लोक हसत होते, कडी-तोडे घडवीत होते. आणि कापूस इतका मोलाचा झाला की लोकांनी निजायच्या गाद्या उसवल्या. पलीकडच्या गल्लीतला रहेमान पिंजारी आत्याच्या ओसरीवर येऊन बसे आणि सांगे, "बाई, पहले लोग गादी भरवायला येत होते, आता रिकामी करायला येते." उसवलेल्या गाद्यांच्या पट्टेरी खोळी पोट गेलेल्या जनावरांसारख्या कुंपणांवर वाळत पडत. सगळा कापूस बाहेर जाऊ लागला तसे कोष्ट्यांना सूत मिळेना. एकेक माग थांबला. वर्षभरात बाजारातून आमचे जाड पट्टेरी कापड दिसेनासे झाले आणि त्याच्या जागी विलायती ठाणे आली. गुळगुळीत, पातळ, चकचकीत रंगांची. घडीवर सोनेरी कागदाची चित्रे डकवलेली.

मामंजींनी पहिले ठाण आणले तेव्हा आत्याने त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, नखाने. मग माझ्याकडे तोंड वळवून हळू आवाजात विचारले, "यात पट्टा कुठी हाये?" मी म्हटले, "हाये जी. लाल. बोटाएवढा." ती म्हणाली, "मले लागून नाही राह्यला." पट्टा विणलेला नव्हता, छापलेला होता. डोळ्याला तो दहा पावलांवरून दिसत होता आणि बोटाला नव्हताच.

त्यावर आम्ही उपाय काढला. दुपारी घर निजले की मी प्रत्येक पट्ट्याच्या कडेने जाड दोऱ्याचा कच्चा टाका घालून ठेवी. आत्या त्या दोऱ्याच्या आधाराने पक्के शिवी आणि मग मी कच्चा दोरा उपसून काढी. काम दुप्पट झाले, पण बैठक टिकली. मामंजींना हे दिसले नाही, कारण त्या दोन वर्षांत ते कापसाच्या गाठींवरची गोणपाटे शिवण्यात गुंतले होते. त्यांच्या हातांना गोणपाटाचा वास लागला होता आणि तो सणालाही जात नसे.

पहिल्या बाळंतपणासाठी मला अकोल्याला माहेरी न्यायचे ठरले. जाण्याआधी पंधरा दिवस मी चार वाकळांचे कापड कच्च्या टाक्यांनी भरून ठेवले. मी परतेपर्यंत पुरेल असा हिशेब होता. निघायच्या दिवशी सकाळी कापसाच्या एका अडत्याची बायको आली. लेकीच्या लग्नात रुखवतात मांडायला दुलई हवी, कापडही तिनेच आणलेले, विलायती, नवे कोरे. आत्याला नाही म्हणता येईना. ती बाई गेली. दारात बैलगाडी उभी होती, माझा भाऊ घाई करीत होता, माझे पाय सुजले होते. आत्या ते ठाण हातात घेऊन माझ्यामागे उंबरठ्यापर्यंत आली.

"जरा उलगडून पाह्य वो. याचा पट्टा काठाकाठानंच जाते ना? काठ तं लागते मले. काठ धरून मी शिवतो मंग."

तिची युक्ती अचूक होती. मागावरच्या कापडाचा पट्टा नेहमी ताण्यात, म्हणजे लांबीच्या सुतांत, असतो, काठाच्या जोडीने चालतो. जन्मभर हाताखालून गेलेल्या हजारो हात कापडाने तिला तेच शिकवले होते, आणि मलाही. मी ठाण हातात घेतले. कागदी चित्रावर एक हत्ती होता, तो मला आजही दिसतो. बाहेरच्या घडीवर पट्ट्याची एकच कड दिसत होती. भावाने पुन्हा हाक मारली. मी ठाण तिच्या हातात परत दिले आणि म्हटले, "हो जी. काठाकाठानंच."

मी ते उलगडले नव्हते.

छापणाऱ्याला ताणा-बाण्याशी काय देणेघेणे? त्याने पट्टे रुंदीत छापले होते, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे. आत्याने काठ धरून कापले, काठ धरून जोडले, काठ धरून शिवले. घरातल्या इतरांनी कापड पाहिले असेल, पण तिच्या बैठकीवरच्या कामात कुणी लक्ष घालायचे नाही, हा रिवाज तिनेच पाडलेला. रुखवताच्या दिवशी दुलई उघडून मांडली तेव्हा वरपक्षाच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "पांघरायची हाये का माडीवर चढायची?" ती खरोखरच शिडीसारखी दिसत होती, डोक्यापासून पायापर्यंत आडव्या पायऱ्या, आणि त्यांना छेदत खाली जाणाऱ्या अगदी सरळ, अगदी बारीक टाक्यांच्या ओळी. अडत्याच्या बायकोने दुलई त्याच संध्याकाळी परत पाठवली. मामंजींनी ती ओसरीवर पसरली, बराच वेळ पाहिली, मग बहिणीला विचारले, "आक्का, हा रंग कोणता?" तिचा अंगठा कापडावरून फिरत राहिला.

हे मला नंतर जावेकडून कळले. तीन महिन्यांनी मी लेकीला घेऊन परतले, तेव्हा ओसरीवर एकच बैठक होती. मामंजी रागावले नव्हते. त्यांनी फक्त बहिणीची कात्री नेऊन आपल्या खुंटीवर अडकवली होती आणि तिची चटई मागच्या पडवीत घातली होती, जिथे शेंगा सोलतात. आत्या तिथे बसली होती. मी बाळ तिच्या मांडीवर ठेवले. तिने त्याचे नाक, कान, कपाळ अंगठ्याने पाहून घेतले आणि म्हणाली, "सरळ हाये सारं." मला बोलायचे होते. ती मात्र माझ्याआधीच बोलली.

"तू सांगितलं ते काही खोटं नव्हतं वो. आपल्या कापडाचं तसंच असते."

तिने मला इतका मोकळा दरवाजा करून दिला आणि मी त्यातून निमूटपणे निघून गेले. उलगडून पाहिले नव्हते, हे सांगितलेच नाही. तिला वाटते आहे की मी पाहिले आणि चुकले, तर तसेच असू दे, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढे लढाई संपली आणि कापसाचे दिवस जसे आले तसे गेले. घडवलेले तोडे पुन्हा सोनाराकडे गेले. थोडे माग पुन्हा वाजू लागले. आम्ही दोघे बिऱ्हाड घेऊन अकोल्याला आलो, कारण यजमानांनी इथे स्वतःचे दुकान घातले. वर्षा-दोन वर्षांनी मी अमरावतीला जाई. अशाच एका खेपेला, दुपारी, मी पाणी प्यायला उठले तर पडवीत मामंजी बसलेले दिसले. सारे गाव ज्यांच्याकडून अंगरखे बेतून घेई ते मामंजी, डोळ्याजवळ कापड धरून, पट्ट्याच्या कडेने जाड दोऱ्याचा कच्चा टाका घालीत होते. समोर आत्या बसली होती. एक तुकडा झाला की ते तिच्या मांडीवर टाकीत आणि दुसरा घेत. कात्री त्यांच्याच खुंटीवर राहिली, बैठक ओसरीवर परत गेली नाही. पण घरातल्या सगळ्या पोरांच्या वाकळा तिथे, त्या पडवीत, भावाच्या कच्च्या आणि बहिणीच्या पक्क्या टाक्यांनी तयार झाल्या.

ती आडवी दुलई आत्याने स्वतःसाठी ठेवली होती. मामंजी उसवून देतो म्हणाले, तिने उसवू दिली नाही. ती तिला आडवी करून पांघरी, म्हणजे पट्टे डोक्याकडून पायाकडे येत, पण लांबी हातभर कमी पडून पाय उघडे राहत. मी एकदा विचारले, "थंडी नाही वाजत का जी?" ती म्हणाली, "वाजते. पण पट्टा उभा पायजे." मग बोलता बोलता, जणू काही सहज आठवले म्हणून, तिने सांगितले की त्या ठाणाच्या घडीवर एक कागद डकवला होता, मोठा गुळगुळीत, खळीने पक्का बसलेला. "म्या नखानं फाडला तवा ठाण उघडलं."

मी भिंतीला टेकून बसले होते. तो कागद फाटल्याशिवाय ठाण उलगडत नव्हते. माझी गाडी वेशीबाहेर पडायच्या आत, पहिली घडी उघडतानाच, तिच्या बोटांना कळले होते की मी पाहिलेले नाही. विचारायला दुसरे कुणी नव्हते, म्हणून काठावरच विसंबून तिने कापले. तरी तिने मामंजींना सांगितले नाही. बैठक गेली, कात्री गेली, तरी नाही. चूक झाली ती सुनेच्या एका बेफिकीर शब्दाने, आपल्या हाताने नव्हे, एवढे म्हटले असते तर कदाचित ओसरीवरची जागा राहिली असती. ती शेंगा सोलत राहिली... त्या दिवशीही मी काही बोलले नाही. तिने वाट पाहिली असावी, पण किती, ते मला सांगता येणार नाही.

भावजी गेल्यावर मी गाठोड्याची दोरी सोडली. आत तीच दुलई होती, कडुनिंबाच्या पाल्यात घडी घातलेली. ती मी ओसरीवर पूर्ण उलगडली आणि उकिडवी बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, एकही ओळ न सोडता. लाल रंग विटून विटकरी झाला आहे. टाके मात्र जसेच्या तसे आहेत. कोपऱ्यांत पाहिले, पालथी करून पाहिली. ना चिठ्ठी, ना खूण, ना दुरुस्त केलेला टाका. पाहण्यासारखे जे होते ते एवढेच, की एकही ओळ वाकडी नव्हती.

आता ती मीच पांघरते, आडवी करून. लेक रोज म्हणते, आई, पाय उघडे पडतात, सरळ घे ना. मी पाय पोटाशी घेते आणि अंगठा कापडावरून फिरवते. पट्टा लागत नाही. मग टाक्यांची एक ओळ सापडते आणि मी तिच्या कडेकडेने जात राहते.